रांग संपली, की सरकली?

खडकवासला म्हटले की पुणेकरांना दोन गोष्टी आठवतात. एक धरण आणि दुसरी, रविवारी संध्याकाळी धरणाकाठच्या गाड्यांवर मिळणारी कणसे नि कांदाभजी. तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या गावात समुद्रही आहे! धरणाच्या पायथ्याशी केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याची एक शाखा म्हणून ही संस्था सुरू झाली. तिच्या मोठमोठ्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांचा अभ्यास होतो. तिथे यंत्राने भरती आणतात, ओहोटी करतात, लाटा उठवतात. नव्या धक्क्यामुळे गाळ कुठे साचेल, खाडीचा प्रवाह कसा वळेल, हे समुद्रात कोट्यवधी रुपये ओतण्याआधी इथल्या घोटाभर पाण्यात पाहून घेतात. मुंबईच्या आणि न्हावा-शेव्याच्या पाण्याचे अभ्यासही इथे झाले आहेत. शंभरावर किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या या बाजूला!

प्रतिकृतीचा नियम साधा असतो. तिच्यात जे मांडले, त्याचेच उत्तर ती देते. एखादा ओढा तिच्यात घ्यायचा राहिला, तर त्या ओढ्याचे पाणी कुठे जाईल हे ती सांगत नाही. पाणी मात्र जायचे तिथे जातेच.

हे सांगायचे कारण असे, की न्हावा-शेव्याच्या पाण्याची जशी प्रतिकृती झाली, तशीच आता तिथल्या जमिनीचीही झाली आहे. ती शेडमध्ये नाही, संगणकात आहे. बंदराच्या यार्डात कोणती पेटी कुठे ठेवायची, कोणत्या क्रेनने कोणती उचलायची, कोणत्या ट्रेलरला कधी आत घ्यायचे, हे ठरवणारी संगणक-प्रणाली गेली काही वर्षे जगातल्या सगळ्या मोठ्या बंदरांचा गाडा हाकते आहे. दर काही वर्षांनी तिची नवी, अधिक हुशार आवृत्ती येते. 'आधुनिकीकरण' या शब्दाचा बंदरातला अर्थ आता नवा धक्का किंवा नवी क्रेन एवढाच राहिलेला नाही. या प्रणालीचे नूतनीकरण असाही तो आहे. प्रश्न इतकाच, की या प्रतिकृतीत कोणता ओढा घ्यायचा राहिला आहे?

हा विषय आपल्या घरापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचाचे सुटे भाग, मुलांची खेळणी, शिऱ्यातले बदाम, परदेशी तूर यांतले बरेचसे पोलादी पेटीत बसून न्हावा-शेव्याला उतरते. आणि नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, चाकणच्या कारखान्यांतला माल त्याच वाटेने बाहेर जातो. पुण्याच्या बाह्यवळणावर रात्री ट्रेलरची जी माळ दिसते, तिच्यातल्या अनेकांचे एक टोक त्या बंदराला बांधलेले असते.

पोलादी पेटीचे हे युग तसे फार जुने नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. त्या दिवसापासून हमालाच्या पाठीवरची गोणी हळूहळू इतिहासजमा होत गेली. आपल्याकडे २६ मे १९८९ रोजी मुंबईच्या समोर, उरण तालुक्यात जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. १९९९ मध्ये तिथेच देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल चालू झाले. २००६ मध्ये डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे, २०१८ मध्ये सिंगापूरच्या कंपनीचे टर्मिनल आले. २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे टर्मिनलही खासगी कंपन्यांकडे सोपवले गेले. थोडक्यात, बंदर आता घरमालक आहे. बिऱ्हाडे वेगवेगळी आणि प्रत्येकाची चूल, म्हणजे संगणक-प्रणाली, निराळी.

२०२३-२४ या एका वर्षात या बंदराने वीस फुटी मापाने सुमारे ६४ लाख पेट्या हाताळल्या. म्हणजे दिवसाला साडेसतरा हजार. या पेट्या एकापुढे एक मांडल्या, तर विषुववृत्ताला जवळजवळ वेढा बसेल. एवढा पसारा डोक्यात ठेवणे माणसाला शक्य नाही, हे मान्यच केले पाहिजे.

आणि नुसत्या संख्येचा प्रश्न नाही. आजीच्या स्वयंपाकघरातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बंदराची अडचण चटकन कळेल. सगळ्यात खालच्या मडक्यातले तांदूळ हवे असतील, तर वरची सगळी मडकी उतरवायची, खालचे घ्यायचे, पुन्हा सगळी चढवायची. यार्डात पेट्यांचे चार-चार, पाच-पाच थर असतात. खालच्या पेटीचा मालक आधी आला, तर वरच्या तीन-चार पेट्या हलवाव्या लागतात. त्या प्रत्येक हालचालीला क्रेन लागते, डिझेल किंवा वीज लागते, वेळ लागतो, आणि पैसे मात्र कोणी देत नाही. जड पेटी खाली हवी, हलकी वर. आधी उतरायचा माल जहाजात वर हवा, नंतरचा खाली. द्राक्षाच्या, मासळीच्या थंड पेटीला विजेची जोडणी लागते. ज्वालाग्राही रसायनाची पेटी इतरांपासून लांब हवी. एका मोठ्या जहाजावर अशा काही हजार पेट्या. त्यांची उतरंड कमीत कमी हलवाहलवीत रचायची, हे या प्रणालीचे मुख्य काम.

पूर्वी हे काम कागद-पेन्सिलीने होई. धक्क्यावर टॅली क्लार्क उभा असे. तो पेटीचा क्रमांक वाचून फॉर्मवर लिही, वायरलेसवरून सांगे. पाऊस असो, रात्र असो. अनुभवी यार्ड-अधिकाऱ्याला निम्मे यार्ड तोंडपाठ असे, पण तो रजेवर गेला की पेटी 'हरवे'. वीस फूट लांब, आठ फूट रुंद पोलादी पेटी हरवते कशी, असे हसू येईल. पण हजारो सारख्या पेट्यांत एक आकडा चुकीचा लिहिला गेला, की ती गवताच्या गंजीतली सुईच. या चुकीवर जगाने एक सुंदर उपाय काढला आहे. प्रत्येक पेटीवर चार अक्षरे, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सातवा आकडा असतो. तो सातवा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांच्या गणितातून येतो. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर गणित जमत नाही आणि यंत्र बहुतेक वेळा तिथेच हटकते. बँकेच्या कार्डाच्या क्रमांकातही अशीच युक्ती असते. ज्यांनी उभे आयुष्य दोन पैशांच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत खातेवह्या जुळवल्या, त्यांना त्या सातव्या आकड्याबद्दल प्रेमच वाटेल.

बँकेचा विषय निघालाच आहे, तर तो पुढे नेतो. कारण बंदरात आज जे घडते आहे ते आम्ही बँकवाल्यांनी आधी अनुभवले. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. मग शाखाशाखांत खातेनोंदीची यंत्रे आली आणि २००० नंतरच्या दशकात सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या गेल्या. पहिल्या दिवसांत केवढे वादंग झाले! 'संगणक आला, नोकरी गेली' अशा घोषणा झाल्या. पुढे लोकांनी पाहिले, की पैसे काढायला टोकन घेऊन तासभर बसावे लागत नाही, पुण्यातल्या खात्यातले पैसे नागपूरला मिळतात. भीती पुष्कळशी खोटी ठरली.

पुष्कळशी, सगळी नाही. दोन गोष्टी मात्र आमच्या डोळ्यांदेखत घडल्या. पहिली अशी, की पूर्वी खातेवहीत झालेली चूक त्या शाखेतच राहायची. आता ती एका क्षणात सगळीकडे जाते. दुसरी अधिक गंभीर. 'सिस्टीममध्ये दिसत नाही' हे वाक्य जन्माला आले. काउंटरवरच्या माणसाला समोरचा माणूस ओळखीचा असतो, त्याचे म्हणणे खरे आहे हेही कळत असते. पण दुरुस्ती करण्याचा अधिकार त्याच्या हातात राहिलेला नसतो. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा यंत्राने नाकारला, की तो म्हातारा हयात असूनही हयात नसतो. अशी माणसे आपण सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या खिडकीसमोर पाहिली आहेत. शाखेतली रांग कमी झाली हे खरे. तिचा काही भाग नाहीसा झाला, आणि काही भाग नुसताच दुसरीकडे सरकला. जिथे साहेबांच्या काचेतून तो दिसत नाही, अशा ठिकाणी.

बंदराची रांग कुठे सरकली, हे पाहायला गव्हाण फाटा, जासई, करळ फाटा या वाटेने एकदा जावे. त्या रस्त्यांवर ट्रेलरच्या रांगा लागल्याच्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत राहिल्या आहेत. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले, ट्रेलर थांबवण्यासाठी बंदराने मोठा वाहनतळ उभारला. त्याने फरक पडला. पण मुळातला हिशेब पाहा. बंदराची प्रगती कशाने मोजतात? जहाज धक्क्याला किती तास राहिले यावर. क्रेनने तासाला किती पेट्या हलवल्या यावर. ते योग्यच आहे, कारण मोठ्या जहाजाचा एकेक दिवस फार महाग असतो, आणि जहाज रखडले तर ते पुढच्या खेपेला कोलंबोला जाईल. जहाज कंपनी आणि टर्मिनल यांच्यात करार असतो. तासांचा हिशेब त्यात असतो. ट्रेलरच्या चालकाचा मात्र टर्मिनलशी कसलाच करार नसतो. त्याचे आत घालवलेले तास फाटकावरच्या नोंदीत येतात. फाटकापर्यंत पोचण्याआधी गेलेले तास कोणाच्याही वहीत नसतात. संगणक-प्रणालीसाठी तो चालक फाटकाशी आल्यावर जन्मतो.

हाच तो प्रतिकृतीत घ्यायचा राहिलेला ओढा.

आमच्या खडकवासल्याच्या कालव्यावर एक जुना वाद आहे. धरणातून आवर्तन सुटले, की कालव्याच्या मुखाशी मोजमाप होते. अमुक इतके पाणी सोडले, असे कागदावर येते. तिकडे दौंड-इंदापूरच्या टेलचा शेतकरी विचारतो, 'सोडले ते खरे, पण पोचले किती?' मुखाशी मोजलेले पाणी आणि टेलला पोचलेले पाणी यांत जे अंतर पडते, त्यात शेतकऱ्याचे अख्खे वर्ष बुडते. बंदराचे मोजमाप मुखाशी, म्हणजे जहाजाशी होते. टेलला उभा असतो ट्रेलरचा चालक, आणि त्याच्याही मागे निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागाईतदार.

त्या बागाईतदाराचे उदाहरण घेऊ. १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' ही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची संघटना उभी राहिली आणि आपली द्राक्षे युरोपात पद्धतशीरपणे जाऊ लागली. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. द्राक्षे तोडायची, थंड करायची, पेटीत शून्याच्या आसपासच्या तापमानाला ठेवायची, आणि तीनेक आठवड्यांच्या किंवा त्याहूनही लांबच्या प्रवासाला लावायची. जहाजासाठी पेटी आत घेण्याची एक शेवटची वेळ असते. ट्रेलर वाटेत अडकला आणि ती वेळ टळली, की पेटी पुढच्या जहाजाची वाट पाहत बसते. संगणकात तेव्हा सगळे आलबेल असते. जहाज वेळेवर सुटले, यार्डात गर्दी नाही, क्रेनची गती उत्तम. फक्त द्राक्षांच्या देठांचा हिरवेपणा कमी होत जातो, आणि रॉटरडॅमच्या बाजारात भाव ठरतो तो देठाकडे बघूनच.

याचा अर्थ, संगणक नको असा मुळीच नाही. उलट टेलच्या माणसाचे भले व्हायचे असेल, तर तेही याच प्रणालीतून होईल. निर्यातीची पेटी आत नेण्यासाठी लागणारा 'फॉर्म १३' पूर्वी कागदावर हातोहात फिरे; तो संगणकावर आला तेव्हा कितीतरी हेलपाटे आणि तितकीच चिरीमिरी वाचली. २०१६ पासून न्हावा-शेव्याच्या पेट्यांवर रेडिओ-चकत्या लावून त्यांचा माग ठेवण्याची योजना सुरू झाली. आपली पेटी कुठे आहे हे आयातदाराला घरबसल्या कळू लागले. माल बाहेरच्या गोदामात न पाठवता थेट बंदरातूनच ताब्यात घेण्याची सोय वाढली, तसे दिवस आणि पैसे दोन्ही वाचले. ज्या यंत्राला एका पेटीचा ठावठिकाणा प्रत्येक टप्प्यावर ठाऊक असतो, त्याला ती वाहून आणणाऱ्या माणसाचा थांबलेला वेळ मोजता येणार नाही, हे कोण मानेल? ते मोजायला त्याला कोणी सांगितलेले नाही, इतकेच.

नव्या प्रणालीच्या उत्साहात आणखी एका गोष्टीचा विसर पडतो. ती बंद पडते तेव्हा काय? २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक विध्वंसक संगणक-विषाणू जगभर पसरला. मर्स्क समूहाचे हजारो संगणक काही तासांत निकामी झाले. त्याचा फटका न्हावा-शेव्यातल्या त्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती, जहाजे धक्क्याला होती. पण कोणती पेटी कुठे आहे हे सांगणारा मेंदूच बधिर झाला होता. काम ठप्प झाले, ट्रेलर रस्त्यावर खोळंबले, हाताने काम चालवण्याची धडपड करावी लागली. युक्रेनमधल्या कोणा हिशेबनिसाच्या संगणकाशी आणि उरणच्या फाटकावरच्या ड्रायव्हरशी काय संबंध? पण संबंध होता, आणि भुर्दंड ड्रायव्हरने भरला.

कंपनीला पुढच्या दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. तोटा २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे कंपनीनेच सांगितले. या कथेतला एक तपशील भारनियमनात वाढलेल्या आपल्या पिढीला खास भावेल. कंपनीच्या साऱ्या जगातल्या जाळ्याची सूची ज्या यंत्रांवर होती, ती सगळी पुसली गेली. एक तेवढे वाचले. ते आफ्रिकेतल्या घाना देशात होते, आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती!

हे एकदाच घडले असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा-शेव्याच्याच दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर संगणक-हल्ला झाला आणि जहाजे शेजारच्या धक्क्यांकडे वळवावी लागली. इंग्लंडच्या फेलिक्सस्टो बंदरात तर हल्लाही लागला नाही. २०१८ च्या जूनमध्ये तिथे जुनी प्रणाली काढून नवी बसवली. ती रुळायला इतका वेळ लागला, की पुढचे काही महिने ट्रेलर ताटकळत राहिले आणि काही जहाजांनी वाट बदलली. बँकांत आम्ही यंत्र आले तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे खातेवही आणि यंत्र दोन्ही शेजारी शेजारी चालवत असू. दोन्हींची शिल्लक जुळली तरच वही मिटायची. लोक त्याला दुप्पट काम म्हणत. पण ती सावधगिरी होती. खडकवासल्याच्या परिसरात राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पुणे वाहून निघाले. 'असे होणारच नाही' हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या भागात कोणी फारसे जोरात उच्चारत नाही.

आता या गोष्टीची सगळ्यात नाजूक बाजू. बंदर ज्यांच्या जमिनीवर उभे आहे, त्या माणसांची. १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. पुनर्वसनाच्या जागी वसलेला हनुमान कोळीवाडा वाळवीने पोखरला आणि तिथली माणसे दशकानुदशके दुसऱ्या जागेसाठी झगडत राहिली. या गावांना एकच आश्वासन कळले होते: 'जमीन गेली तरी बंदरात नोकरी मिळेल.' बंदर जितके यांत्रिक होत जाते, तितकी टॅली क्लार्कची, फाटकावरच्या कारकुनाची, यार्डातल्या मदतनिसाची जागा आक्रसते. ज्याच्या आजोबांची खाजण जमीन गेली, त्या नातवाला 'प्रणालीमुळे जागा भरायच्या नाहीत' असे सांगायचे, आणि त्यालाच आधुनिकीकरण म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही.

पण इथेही मार्ग आहे. केरळातल्या विझिंजम या नव्या बंदरात यार्डातल्या स्वयंचलित क्रेन खोलीत बसून पडद्यावरून चालवल्या जातात. ते काम तिथे आसपासच्या गावांतल्या महिला करतात. त्यांतल्या काही मच्छीमार कुटुंबांतल्या आहेत. पन्नास फूट उंचीवरच्या केबिनमध्ये चढणे हे ज्या कामाचे पहिले कौशल्य होते, ते आता टेबलाशी बसून होते. तंत्रज्ञानाने एक दार बंद केले, पण दुसरे उघडलेही. ते कोणासाठी उघडायचे, हे मात्र यंत्र ठरवत नाही. उरण-पनवेलच्या मुलामुलींना यार्ड-नियोजनाचे, क्रेन दुरून चालवण्याचे, प्रणालीच्या देखभालीचे शिक्षण देऊन त्या खोलीत बसवणे अवघड नाही. त्यासाठी प्रणाली विकत घेण्याच्या निविदेतच माणसे शिकवण्याचे कलम हवे. यंत्र येऊन बसल्यावर 'स्थानिकांत पात्र उमेदवार नाहीत' असे म्हणणे सोपे असते.

हे सगळे आजच बोलण्याचे कारण डहाणूजवळ आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. ७६,००० कोटींहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प. न्हावा-शेव्याचे प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ त्याचे भागीदार. तिथल्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि त्यामागची भीती न्हावा-शेव्याकडे पाहूनच आलेली आहे. ते बंदर पहिल्या दिवसापासून अत्याधुनिक संगणक-प्रणालीवर चालेल, यात शंका नाही. म्हणजे तिथे जे मोजायचे ठरेल तेच पुढची पन्नास वर्षे मोजले जाईल. प्रतिकृतीत ओढा घ्यायचा असेल, तर तो ती बांधण्यापूर्वी घ्यावा लागतो.

माझे मागणे फार मोठे नाही. जहाजाचे तास जसे जाहीर होतात, तसेच ट्रेलरचे तासही दर महिन्याला जाहीर व्हावेत; फाटकाच्या आतले नव्हेत, वाहनतळात शिरल्यापासून माल देऊन किंवा घेऊन बाहेर पडेपर्यंतचे. ते प्रत्येक टर्मिनलचे वेगवेगळे छापले जावेत आणि टर्मिनलच्या कराराशी जोडले जावेत. एकदा आकडा छापून आला, की तो कमी कसा करायचा हे त्याच हुशार प्रणालीला आपोआप सुचेल. दुसरे, प्रत्येक फाटकावर एक खिडकी अशी हवी, जिथला माणूस 'सिस्टीममध्ये दिसत नाही' असे म्हणून थांबणार नाही. कागद तपासून, स्वतःच्या सहीने पेटी आत सोडण्याचा अधिकार त्याला असेल. तिसरे, वर्षातून दोनदा प्रणाली ठरवून बंद करावी आणि चार तास हाताने काम चालवून पाहावे. आगीची कवायत शाळेतसुद्धा होते. तेवढ्या वेळात गोंधळ होईल, पेट्या कमी हलतील, हे मान्य. पण खऱ्या संकटाच्या दिवशी निदान कोणाला काय करायचे ते ठाऊक असेल, आणि जुन्या माणसांचे यार्ड तोंडपाठ असण्याचे ज्ञान नव्या पोरांच्या हाती लागेल. चौथे मागणे वर येऊन गेलेच आहे, गावातल्या मुलांच्या शिक्षणाचे.

यांतल्या एकाही मागणीला नवी क्रेन लागत नाही, की नवा धक्का लागत नाही. लागते ती हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवण्याची तयारी. बँकेत असताना वर्षअखेरीला ताळेबंद तयार व्हायचा, तेव्हा आमचे एक वरिष्ठ कारकुनांना नेहमी विचारत असत, 'बाबा रे, जमा दाखवलीस ती बरोबर. नावे कोणाच्या टाकलीस?' न्हावा-शेव्याच्या प्रगतीचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, आणि ते वाचून महाराष्ट्राच्या माणसाला अभिमान वाटावा असेच ते असतात. पुढच्या वेळी ते वाचताना आपणही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. जहाजाचे जे तास वाचले, ते नावे कोणाच्या पडले?